इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ शोधण्याची रीत: ‘बँक’ हा शब्द हाताशी घेऊन

इंग्रजी शब्दाचे मूळ सांगताना मराठी वाचकांची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण म्हणजे सुरुवात. शब्द कानावर पडतो, त्याच्यासारखा वाजणारा संस्कृत किंवा मराठी शब्द आठवतो आणि दोन्ही एकच असल्याचे ठरवून मधली वाट नंतर कल्पनेने भरून काढली जाते. खरे पाहता शोध आजच्या अर्थापासून सुरू करावा लागतो आणि एकेक पायरी मागे जावे लागते. मागची पायरी पक्की झाल्याशिवाय तिच्या मागच्या पायरीवर पाऊल टाकता येत नाही. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत. उदाहरण म्हणून ‘बँक’ हा शब्द निवडला आहे, कारण तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे आणि या कामातल्या जवळजवळ सर्व अडचणी त्याच्यात एकत्र सापडतात.

पूर्वतयारी

एका शब्दासाठी वहीचे एक पूर्ण पान ठेवावे आणि त्यावर पाच रकाने आखावेत: अर्थ, पहिली नोंद, त्याआधीचे रूप, त्या रूपाची भाषा आणि ‘कशावरून’. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच आखायचा राहून जातो. जे विधान कशावरून केले हे सांगता येत नाही, ते त्या पानावर पेन्सिलीने लिहावे आणि पुरावा मिळाल्यावरच शाईने गिरवावे.

कोश तीन प्रकारचे लागतात. आजचे अर्थ नेमके सांगणारा, विद्यार्थ्यांसाठी केलेला एखादा इंग्रजी कोश पहिला. दुसरा ऐतिहासिक कोश, म्हणजे प्रत्येक अर्थ केव्हापासून लेखनात सापडतो ते तारीखवार अवतरणांसह दाखवणारा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा यातला प्रमुख कोश असून त्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघाली आणि दुसरी, वीस खंडांची, १९८९ साली आली. त्याच्या नोंदींचे नव्याने संपादन सुरू आहे, त्यामुळे जुना छापील खंड वापरत असल्यास आज तीच तारीख मानली जाते का, हे पाहून घ्यावे. तिसरा कोश मराठीचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती महाजालावर खुली आहे आणि एखादा शब्द त्या काळी मराठीत कोणत्या अर्थाने रुळला होता हे पाहण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

सावधान: विद्यार्थ्यांच्या कोशात जो अर्थ पहिला दिलेला असतो, तो आज सर्वाधिक वापरला जाणारा असतो. ऐतिहासिक कोशात अर्थांची मांडणी काळानुसार असते. पहिल्या कोशातला पहिला अर्थ हाच मूळ अर्थ समजल्यामुळे पुढचा सगळा शोध वाकडा जातो.

टप्पा १: नेमका कोणता शब्द, ते ठरवा

आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो आणि त्या लिहिण्यात निरनिराळे शब्द एकरूप होतात. दुकानातला ‘सेल’ आणि घड्याळात घालायचा ‘सेल’ मराठीत सारखेच दिसतात, पण इंग्रजीत पहिला ‘एस’ने सुरू होतो आणि दुसरा ‘सी’ने. पहिला विकणे या अर्थाच्या जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे भाषा ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) शब्दाच्या घरातला आहे आणि दुसरा लॅटिनमधल्या लहान खोली या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणून पानाच्या माथ्यावर शब्दाची इंग्रजी अक्षरे सुटी सुटी लिहावीत आणि तो नाम आहे की क्रियापद, हेही नोंदवावे.

आपल्या उदाहरणात अक्षरे बी, ए, एन, के अशी आहेत. नाम आणि क्रियापद या दोन्ही रूपांत शब्द सापडतो, म्हणून दोन्हींसाठी जागा सोडली.

टप्पा २: मुळाचा विचार बाजूला ठेवून सर्व अर्थ लिहून काढा

या टप्प्यावर मुळाकडे पाहायचेही नाही. शब्द जितक्या अर्थांनी वापरला जातो तितके सर्व अर्थ, एकेका लहान वाक्यासह, पानावर उतरवायचे. ‘बँक’चे माझ्या पानावर उतरलेले अर्थ असे: पैसे ठेवण्याची पेढी, रक्ताचा किंवा माहितीचा साठा, नदीचा काठ, मातीचा, बर्फाचा किंवा ढगांचा लांबट ढीग, समुद्रातला वाळूचा उथळ भाग, एकामागे एक मांडलेल्या वल्ह्यांची, दिव्यांची किंवा बटणांची रांग, वळताना विमानाने एका बाजूला कलणे, आणि एखाद्यावर भिस्त ठेवणे.

तपासणी: यादीत निदान एक तरी अर्थ असा हवा की जो तुम्हाला आधी ठाऊक नव्हता. तसा एकही नसेल तर कोश उघडण्याऐवजी आपण आठवणीवरच विसंबलो आहोत असे समजावे.

टप्पा ३: एक शब्द की एकाच रूपाचे अनेक शब्द?

एकच स्पेलिंग, एकच उच्चार, तरी शब्द निरनिराळे, असे पुष्कळदा असते. ऐतिहासिक कोश अशा शब्दांना वेगवेगळ्या क्रमांकांच्या स्वतंत्र नोंदी देतो. त्या क्रमांकांकडे दुर्लक्ष झाले की वाचक एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाच्या मुळाला चिकटवतो. ‘नदीच्या काठावर बसून सावकार पैसे मोजत, म्हणून पेढीला बँक म्हणतात’ हे स्पष्टीकरण मी अनेकदा वाचले आहे. ते पूर्णपणे चुकीचे आहे आणि ते सुचण्याचे एकमेव कारण म्हणजे हे क्रमांक न पाहणे.

टप्पा २ मधल्या यादीचे तीन गट पडतात. नदीचा काठ, ढीग, वाळूचा उथळ भाग आणि विमानाचे कलणे हा उताराचा गट. पेढी, साठा आणि भिस्त ठेवणे हा पैशाचा गट. वल्ह्यांची आणि बटणांची रांग हा तिसरा गट, आणि तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘बाक’ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे, कारण वल्हवणारे खलाशी बाकांवर रांगेने बसत. मराठी वाचकाला हे अवघड वाटायचे कारण नाही. ‘पाठीला बाक आला’ यातला बाक आणि शाळेतला बसायचा बाक हे आपल्याकडेही दोन वेगळे शब्द आहेत. पहिला संस्कृत ‘वक्र’पासून प्राकृतातून आला आणि दुसऱ्याचे मूळ काय, ते टप्पा ८ मध्ये पाहू.

टप्पा ४: प्रत्येक गटाची पहिली नोंद लिहा

आता ऐतिहासिक कोशातून प्रत्येक अर्थाच्या सर्वांत जुन्या अवतरणाचा काळ घ्यायचा. काठाचा ‘बँक’ इंग्रजीत सुमारे १२०० पासून दिसतो. पैशाचा ‘बँक’ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. ज्या दिवशी पेढ्यांना सुटी असे त्या दिवसाला ‘बँक हॉलिडे’ म्हणण्यामागे ब्रिटनचा १८७१ चा कायदा आहे. रक्तसाठ्याला ‘बँक’ हे नाव १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी दिले. तारखा अशा खाली खाली मांडल्या की अर्थ कोणत्या दिशेने वाहत गेला ते डोळ्यांना दिसते: आधी पैसे ठेवून गरजेला काढण्याची जागा, मग त्याच धर्तीवर रक्त ठेवून गरजेला काढण्याची जागा.

सावधान: पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. लेखनात येण्यापूर्वी तो बोलण्यात असणारच. म्हणून ‘अमुक साली हा शब्द तयार झाला’ असे लिहू नये. ‘अमुक काळापासून लेखनात सापडतो’ असे लिहावे. ‘रक्तपेढी’सारख्या, ज्यांचा नाव ठेवण्याचा प्रसंग नोंदला गेला आहे, अशा थोड्या शब्दांनाच हा नियम लागू नाही.

दुसरी सावधगिरी अर्थाबाबत. सर्वांत जुना अर्थ हाच ‘खरा’ अर्थ, असा आग्रह धरता येत नाही. ‘छान’ या अर्थाचा ‘नाइस’ इंग्रजीत आला तेव्हा, म्हणजे १३०० च्या आसपास, त्याचा अर्थ ‘मूर्ख’ होता, कारण तो जुन्या फ्रेंचमधून लॅटिनच्या ‘नेस्किउस’ म्हणजे ‘अजाण’ या शब्दापर्यंत जातो. पुढे तो चोखंदळ, नाजूक, काटेकोर अशा अर्थांतून सरकत अठराव्या शतकात ‘छान’पर्यंत आला. म्हणून आज कोणाला ‘नाइस’ म्हटल्यास त्याला मूर्ख म्हटले असे होत नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग किंवा आसक्ती, पण मराठी माणसाला राग आला असता तो आसक्त झाला असे आपण समजत नाही. तेच इथे.

टप्पा ५: एकच पायरी मागे जा

कोशात मुळाची माहिती आखूड खुणांत दिलेली असते आणि इथेही पुष्कळ चुका होतात. दोन गोष्टी नीट वेगळ्या करा. ‘अमुक भाषेतून आला’ असे म्हटले असेल तर ती शब्दाची आई. ‘अमुक शब्दाशी सगोत्र’ असे म्हटले असेल तर ते भावंड. इंग्रजी ‘नेम’च्या नोंदीत संस्कृत ‘नाम’ दिसतो. त्याचा अर्थ ‘नेम’ संस्कृतातून इंग्रजीत गेला असा नाही. दोघे एका जुन्या भाषेतून वेगवेगळ्या वाटांनी उतरले. संस्कृतला इंग्रजीची आई म्हणणे म्हणजे मावशीला आई म्हणण्यासारखे आहे: नाते खरे, पण नोंद खोटी. रूपाच्या आधी तारकाचिन्ह असेल तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी नियमांवरून ते उभे केले आहे, असे समजावे आणि ते चिन्ह आपल्या वहीतही न विसरता उतरवावे.

पैशाच्या ‘बँक’ची मागची पायरी फ्रेंच ‘बांक’ आणि इटालियन ‘बांका’. इटालियन शब्दाचा अर्थ बाक, फळी, आणि त्यावरून सराफाचे पैसे मोजण्याचे टेबल. त्याही मागे गेल्यास हा इटालियन शब्द जर्मानिक भाषांकडून उसना घेतलेला निघतो. जर्मानिक कुळातल्याच जुन्या इंग्रजीत त्याचे भावंड आधीपासून होते आणि तेच आजचे ‘बेंच’. म्हणजे इंग्रजीकडे ‘बेंच’ घरचा होता आणि त्याचाच भाऊ इटलीला जाऊन, सराफकट्ट्यावर बसून, ‘बँक’ या नावाने परत आला. मराठीत ‘कर्म’ आणि ‘काम’ एकाच मुळाचे असूनही शेजारी शेजारी नांदतात, तशी ही जोडी आहे.

जर्मन भाषेत हे नाते अजून उघडे दिसते. तिथे ‘बांक’ हा एकच शब्द बसायच्या बाकालाही आहे आणि पेढीलाही. अनेकवचन मात्र बाकांचे ‘बेंकं’ आणि पेढ्यांचे ‘बांकन’ असे वेगळे होते.

काठाच्या ‘बँक’ची मागची पायरी वेगळी आहे. तो इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषेतून आला. खूप मागे, जर्मानिक भाषांच्या मुळाशी, काठ आणि बाक हे शब्द बहुधा एकत्र येतात, कारण दोघांतही ‘उंचवटा’ ही कल्पना संभवते. पण इंग्रजीत ते वेगळ्या काळी, वेगळ्या दारांनी आले, म्हणून दोन नोंदी.

तपासणी: बाकावरून पेढी हा अर्थबदल पटण्याजोगा आहे का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या भाषेत तसेच काही घडले आहे का ते शोधावे. आपल्याच मराठीत घडले आहे. ‘पेढी’ हा शब्द ‘पीठ’, ‘पीठिका’ या बैठकवाचक शब्दांच्या घरातला आहे. सराफाची बैठक ती पेढी. बसायच्या जागेवरून धंद्याचे नाव पडण्याची रीत इटलीत आणि महाराष्ट्रात स्वतंत्रपणे घडली. याने ‘बँक’ आणि ‘पेढी’ नातेवाईक ठरत नाहीत, पण असा अर्थबदल माणसांच्या व्यवहारात सहज होतो एवढे सिद्ध होते.

टप्पा ६: सारखेपणाची परीक्षा घ्या

इंग्रजी आणि संस्कृत यांतले खरे नाते ध्वनींच्या ठरावीक जोड्यांत दिसते. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. ‘द’च्या जागी ‘ट’: दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ. ‘भ’च्या जागी ‘ब’: भ्रातृ आणि ब्रदर. ‘शत’ आणि ‘हंड्रेड’ यांत ‘श’च्या जागी ‘ह’. यातून निघणारा निष्कर्ष नवख्याला उलटा वाटतो, पण तो पक्का लक्षात ठेवावा: ज्या ध्वनींमध्ये असा बदल अपेक्षित आहे, तिथे दोन शब्द अगदी सारखे दिसले तर नाते असण्याची शक्यता वाढत नाही, घटते.

‘पथ’ आणि इंग्रजी ‘पाथ’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. दोघे वारशाने आलेली भावंडे असती तर इंग्रजी शब्द ‘फ’ने सुरू झाला असता. म्हणूनच कोश ‘पाथ’चे मूळ अनिश्चित मानतात आणि तो फार प्राचीन काळी एखाद्या इराणी भाषेतून उसना आला असावा, असे एक मत नोंदवतात. ‘पथ’चे वारशाने आलेले इंग्रजी भावंड म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो शब्द आहे ‘फाइंड’, म्हणजे सापडणे, आणि तो मात्र नियमाप्रमाणे ‘फ’नेच सुरू होतो.

ही परीक्षाही एकटी पुरत नाही, आणि ते दाखवण्यासाठी ‘बॅड’ आणि ‘बद’ची जोडी घेतो. मराठीत ‘बदनाम’, ‘बदसल्ला’ यांतला ‘बद’ फारसी आहे. अर्थ वाईट, ध्वनीही जुळणारे. फारसी ‘बिरादर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ यांत ‘ब’ला ‘ब’ जुळतो, म्हणजे ध्वनींची हरकतही दिसत नाही. मी स्वतः बरीच वर्षे ही जोडी खरी मानत होतो. पण टप्पा ५ प्रमाणे फारसी शब्दाची फक्त एक पायरी मागे गेले की मध्य फारसीत तो ‘वद’ असा सापडतो आणि ‘ब’ची जुळणी तिथेच संपते. आधी प्रत्येक शब्द आपापल्या भाषेत मागे न्यायचा आणि मगच दोघांना शेजारी उभे करायचे, हा क्रम त्यासाठीच आहे.

‘सेंट’ आणि ‘संत’ यांचेही तसेच. ‘सेंट’ मागे लॅटिन ‘सांक्तुस’ म्हणजे ‘पवित्र केलेला’ इथे जातो, तर ‘संत’ संस्कृत ‘अस्’ धातूच्या ‘सत्’ या रूपाकडे जातो. त्या ‘अस्’चे खरे इंग्रजी भावंड अगदी साधे आहे: ‘इज’, म्हणजे ‘अस्ति’.

टप्पा ७: गोष्ट सापडली की हात आखडता घ्या

ज्या मुळामागे चटकदार गोष्ट असते, ते मूळ दुप्पट तपासावे. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांचा नाही; तो ‘न्यू’ म्हणजे नवे याचे बहुवचनी रूप आहे. ‘पॉश’ हा शब्द हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटींवरच्या सावलीच्या खोल्यांच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांवरून पडला, ही गोष्ट आपल्याकडे विशेष आवडीने सांगितली जाते, पण तिला कागदोपत्री आधार नाही. आद्याक्षरांचे मूळ कधीच खरे नसते असेही नाही. ‘ओके’ खरोखरच आद्याक्षरांचा आहे: ‘ऑल करेक्ट’चे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून घेतलेली ती अक्षरे २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये छापलेली सापडतात. फरक पुराव्याचा आहे: एकीकडे छापील तारीख, दुसरीकडे फक्त सांगोवांगी.

‘बँकरप्ट’, म्हणजे दिवाळखोर, याच्या बाबतीत दोन भाग वेगळे ठेवावेत. हा शब्द इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे ‘मोडलेला बाक’ यावरून आला, हा भाग शब्दरूपांवरून पक्का आहे. दिवाळे निघालेल्या सराफाचा बाक लोक खरोखर फोडून टाकत, हा भाग गोष्टीचा आहे. आपणही ‘कंबर मोडली’ म्हणतो ते हाड मोडले म्हणून नव्हे. पहिला भाग शाईने लिहावा, दुसरा पेन्सिलीने.

टप्पा ८: मराठीकडे येणारी वाट स्वतंत्र काढा

शेवटी मराठी शब्दाशी नाते दिसत असेल तर कोणी कोणाकडून घेतले, हे ठरवायचे. तीन शक्यता असतात आणि तिन्ही खऱ्या उदाहरणांत सापडतात.

मराठीतून इंग्रजीत: ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘मुंगूस’चा आहे. म्हणूनच त्याचे बहुवचन ‘गूस’प्रमाणे होत नाही, हंसाशी त्याचा संबंध नाही.

इकडून तिकडे जाऊन परत: ‘कॉट’ म्हणजे आपली ‘खाट’च. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ती उचलली आणि आपण ती नव्या रूपात परत घेतली. झोपडी या अर्थाचा ‘कॉट’, ज्यावरून ‘कॉटेज’ झाले, तो मात्र जुन्या इंग्रजीतला वेगळा शब्द. टप्पा ३ इथे पुन्हा आठवावा.

तिसऱ्याच भाषेतून दोघांकडे: ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला आणि इंग्रजी ‘पे’ फ्रेंचांकडून. दोन्ही वाटा मागे लॅटिनच्या ‘पाकारे’ या क्रियापदाशी मिळतात, ज्याचा अर्थ शांत करणे. देणेकऱ्याने पैसे देऊन धनकोला शांत केले, ते ‘पे’.

‘बँक’ आणि ‘बाक’ या जोडीची मराठी नोंदही या तिसऱ्या प्रकारची. ‘बँक’ हा शब्द आपल्याकडे थेट इंग्रजीतून आला. पण शाळेतला बसायचा ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांकु’वरून आला, आणि तो पोर्तुगीज शब्द इटालियन ‘बांका’च्याच कुळातला आहे.

टप्पा ९: निष्कर्ष लिहिताना

लिहिताना वाट जुन्यापासून नव्याकडे मांडावी, प्रत्येक पायरीला भाषा आणि काळ द्यावा, आणि जिथे कोश ‘बहुधा’ म्हणतो तिथे आपणही ‘बहुधा’च म्हणावे. हा शब्द गाळल्यामुळे वाक्य ठसठशीत होते, पण खोटेही होते. माझ्या वहीतली पूर्ण झालेली नोंद अशी आहे:

‘बँक, नाम, पैशाचा गट. जर्मानिक भाषांतला बाक या अर्थाचा शब्द, तिथून इटालियन बांका, बाक, नंतर सराफाचे टेबल, इटालियन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंद, इंग्रजीतून मराठीत. भावंडे: इंग्रजी बेंच, पोर्तुगीजमार्गे मराठी बाक. काठाचा बँक वेगळा, स्कँडिनेव्हियन, सुमारे १२००. फार मागे बहुधा एकच.’

यातला ‘बहुधा’ अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.